मेजरची खरी आई

हिंदुराव आजोबांच्या पत्राला कौस्तुभने अजून उत्तर दिलं नव्हतं. चार महिने उलटून गेले होते! ते निळं आंतर्देशीय पत्र त्याच्या वहीच्या कव्हरात दडून बसलं होतं. आणि बस दिल्लीचं धौलाकुआँ सोडून गुडगावच्या रस्त्याला लागली, तेव्हा त्याच्या मित्राने, उदयसिंहने, नेमका तोच विषय काढला.

"पुस्तक्या, आजोबा परत विचारत होते. 'त्या चष्मेवाल्याचं उत्तर का येत नाही? दिल्लीतलं टपालखातं बंद पडलं का?'"

"लिहिणार आहे," कौस्तुभ खिडकीबाहेर बघत पुटपुटला.

"दादाने पाच वेळा लिहिलंय!" अर्पिताने सगळ्या बसला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "आणि पाच वेळा फाडलंय! मी टोपलीत मोजलंय."

कौस्तुभचे कान लाल झाले. तेरा वर्षांच्या माणसाला दहा वर्षांची बहीण असणं हाच मुळात अन्याय होता.

हिंदुराव आजोबा म्हणजे उदयसिंहचे आजोबा. सैन्यात तीस वर्षं त्यांनी कुत्र्यांना शिकवण्याचं काम केलं होतं. आता ते कोल्हापूरजवळ गावी राहत. उदयसिंहचे वडील दिल्ली छावणीत हवालदार. जानेवारीत आजोबा संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकाला हात जोडायला आले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या बसमध्ये कौस्तुभही होता. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा मुलगा आजोबांना एकदम म्हणाला होता, "मला अल्सेशियन पाळायचाय."

आजोबा तेव्हा नुसतं "हं" म्हणाले. गावी गेल्यावर त्यांचं पत्र आलं:

'चि. कौस्तुभ यास आशीर्वाद. पिल्लू काय, कुणीही पाळतं. तुझं पिल्लू दोन वर्षांचं झालंय, चौतीस किलोचं झालंय, असं धरून चाल. त्याचा एक दिवस कसा जाईल, सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत, ते मला लिहून कळव. मग पिल्लू कसं निवडायचं ते मी सांगतो.'

बस्स, एवढंच! पण लिहायला बसलं की कौस्तुभचं पेन अडायचं. लिहिलेलं त्याला खोटं वाटायचं, आणि खरं लिहिलं तर आजोबा नाही म्हणतील अशी भीती वाटायची.

गुडगावच्या थांब्यावर धीरजकाका, म्हणजे विजूमावशीचे यजमान, नवी कोरी गाडी घेऊन उभे होते. काका परदेशी कंपनीत मोठे साहेब झाले होते आणि सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी इथे घर बांधलं होतं. सुट्टी तिथेच काढायची असं ठरलं होतं.

"बसा, बसा! घरी नंतर जाऊ," काका उत्साहाने म्हणाले. "आधी एक सरप्राइज! आज आपण अल्सेशियनचं पिल्लू घेतोय!"

कौस्तुभला वाटलं, आपलं हृदय आता चष्म्याच्या काचेवर येऊन आपटणार!

---

पिल्लं विकणाऱ्या बत्रा अंकलची कोठी, म्हणजे बंगलाच, संगमरवराने चकचकत होती. गार हवेच्या खोलीत, गालिच्यावर, काळी-तांबूस रुबाबदार कुत्री बसली होती. मान ताठ, कान उभे.

"ये है क्वीन! बच्चों की माँ," बत्रा अंकल अभिमानाने म्हणाले. "दादा-परदादा सब इंपोर्टेड. बच्चे पूरे आठ हफ़्ते के हैं."

टोपलीत दोन पिल्लं होती. काळ्या लोकरीचे गुंडेच जणू! कान अजून पडलेले, पाय मात्र चांगलेच जाड.

उदयसिंह गुडघ्यांवर बसला. "आजोबा म्हणतात, पिल्लाला हात लावायच्या आधी त्याची आई बघा. तिचा स्वभाव बघा. पिल्लं तिच्याकडे कशी जातात ते बघा. मग किल्ल्या पाडा. जो दचकतो आणि परत बघायला येतो, तो चांगला."

अर्पिताने लगेच काकांच्या गाडीच्या किल्ल्या खळ्ळकन पाडल्या! एक पिल्लू टोपलीच्या कोपऱ्यात शिरलं. दुसरं दचकलं, थांबलं, आणि डुगडुगत किल्ल्यांपर्यंत येऊन त्यांचा वास घेऊ लागलं.

"हाच!" उदयसिंह आणि अर्पिता ओरडली.

कौस्तुभ मात्र क्वीनकडे बघत होता. पिल्लू तिच्या पंजापासून वीतभर अंतरावरून गेलं. तिने मानसुद्धा वळवली नाही. पिल्लूही तिच्याकडे गेलं नाही.

"काका," तो हळूच म्हणाला, "ही आई वाटत नाही."

"अरे, कागद आहे ना!" काकांनी एक जाड प्रमाणपत्र फडकवलं. सोनेरी किनार, जन्मतारीख दोन एप्रिल, आई क्वीन, आणि खाली गोल जांभळा शिक्का. "सही आहे, शिक्का आहे. आणखी काय पाहिजे?"

कौस्तुभचे वडील सुधाकरराव केंद्र सरकारच्या कचेरीत होते आणि लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं. शिक्का म्हटल्यावर वाद संपायचा. कौस्तुभ गप्प बसला. आपल्यालाच काहीतरी चुकीचं वाटत असेल.

घरी पोहोचल्यावर काकांनी पिल्लाचं नाव जाहीर केलं. "मेजर!"

"हा तर अजून शिपाईसुद्धा नाही झाला!" अर्पिता म्हणाली.

विजूमावशीने पिल्लाला पदरात घेतलं आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं. "सोफ्याचं कापड निवडायला तुम्ही तीन आठवडे लावलेत. आणि हा जिवंत जीव पाच मिनिटांत?"

---

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेजर मलूल झाला. म्हशीचं दूध प्यायला आणि त्याचं पोट बिघडलं. कोरडं खाणं तर त्याला चावताच येईना. नुसता बारीक आवाजात रडत राहिला.

मावशी मुलांना घेऊन तडक भानुमती डॉक्टरांकडे गेली. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टर मूळच्या नागपूरच्या, आवाज खणखणीत.

त्यांनी मेजरचा जबडा अलगद उघडला. "आठ आठवडे? कोण म्हणतं? हे दात बघा, आत्ता कुठे वर आलेत. डोळ्यांतला निळेपणा गेलेला नाही. जेमतेम चार आठवड्यांचं लेकरू आहे हे! आईपासून इतक्या लवकर कुणी तोडलं?"

"मरेल का हो?" अर्पिताचा आवाज एवढासा झाला.

डॉक्टरांनी मेजरला अलगद टेबलावर ठेवलं. "मी सलाईन देते. ड्रॉपरने भरवायचं शिकवते. पण हा खाणंच नाकारतोय. उद्यापर्यंत खायला लागला नाही तर कठीण आहे. आई मिळाली आणि तिला दूध असेल, तर त्यासारखं औषध नाही."

बाकावर सेठी आंटी त्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "हमारा भी बत्रा जी से ही है," त्या काळजीने म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला. तीच सोनेरी किनार, तोच जांभळा शिक्का.

कौस्तुभला छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. आई: क्वीन. जन्मतारीख: पाच मार्च.

त्याने पुन्हा वाचलं. मग आपला कागद वाचला. दोन एप्रिल.

"डॉक्टर... मी चुकत असेन..." तो अडखळला. "कुत्रीच्या पोटात पिल्लं किती दिवस असतात?"

"साधारण त्रेसष्ट. का रे?"

"क्वीनला पाच मार्चला पिल्लं झाली. आणि परत दोन एप्रिलला. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत!"

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे निदान एक कागद तरी खोटा आहे."

"दोन्हीही असतील!" उदयसिंहने मुठी आवळल्या. "मग ह्याची खरी आई कुठाय?"

डॉक्टर मेजरचे पंजे पुसत होत्या. बोटांच्या मधून करड्या रंगाचे खडे निघाले. "सिमेंट आहे हे."

"बत्रा अंकलकडे तर सगळा संगमरवर आणि गालिचे," कौस्तुभ म्हणाला. "सिमेंट कुठून आलं?"

"यार, अख्खं गुडगाव सिमेंटचंच आहे!" उदयसिंह हसला. पण लगेच गंभीर झाला. "थांब. त्यांच्या कोठीच्या मागे तीन घरांचं बांधकाम अर्धवट पडलंय. काल मी पाहिलं."

संध्याकाळी काकांना हे सांगितलं, तर ते टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाले, "टायपिंगची चूक असेल रे. एवढी मोठी कोठी आहे त्या माणसाची!"

---

सकाळी साडेसातलाच ऊन चटकायला लागलं होतं. मेजरने रात्रभरात चार थेंबसुद्धा घेतले नव्हते. मावशीने टोपलीवर ओलं फडकं टाकलं, तिघांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि बजावलं, "सरळ डॉक्टरांकडे. मी घर आवरून येतेच."

रस्ता बत्रा अंकलच्या कोठीच्या मागूनच जात होता. मुद्दाम आडवाट करायचीही गरज पडली नाही. विटांचे ढीग, गंजक्या सळया, छप्पर नसलेल्या भिंती. माणूस एकही नाही.

तेवढ्यात टोपलीतून मेजर रडला. अगदी क्षीण, सुईएवढा आवाज!

आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं. एकच भुंकणं, खोल, घाईचं. मग साखळीचा खणखणाट.

"अर्पिता, पळ! डॉक्टरांना घेऊन ये. आणि तिथून काकांना फोन कर!" कौस्तुभ म्हणाला. अर्पिताच्या चपला रस्त्यावर फटफटत दूर गेल्या.

दोघं भिंतीला वळसा घालून आत शिरले आणि जागच्या जागी थांबले.

दार नसलेल्या खोलीत एक कुत्री बांधलेली होती. अंगावर केस कमी आणि फासळ्या जास्त. गळ्यातली साखळी सळईला अडकवलेली. तिच्या मागे दोन पिल्लं विटांशी खेळत होती, त्यांतलं एक परवा किल्ल्यांना घाबरून टोपलीच्या कोपऱ्यात शिरलेलं. आणि पुढे, जमिनीत खणलेला बांधकामाच्या पाण्याचा हौद होता. काठोकाठ भरलेला. कठडा नाही, झाकण नाही.

कुत्री त्या हौदाच्या काठावर आडवी पसरली होती. साखळी अगदी ताणली जाईल इतकी पुढे. एक पिल्लू धडपडत पाण्याकडे निघालं. तिने नाकाने त्याला अलगद मागे ढकललं. दुसरं दुसऱ्या बाजूने आलं. तिने पाय आडवा घातला. पुन्हा पहिलं! पुन्हा नाक! काठाची माती तिच्या अंगाने घासून घासून गुळगुळीत झाली होती.

"बाप रे..." उदयसिंह कुजबुजला. "ही किती दिवस अशी पडून असेल? स्वतः सावलीत जायचं सोडून इथे उन्हात पडलीय."

"मेंढ्या राखणारी जात आहे ना," कौस्तुभ म्हणाला. "मेंढ्या नाहीत, कुरण नाही. तरी ही राखतेच आहे."

उदयसिंह टोपली घेऊन पुढे झाला. कुत्रीने ओठ मागे खेचले. गुरगुर अशी की पायाखालची वाळू हलावी! उदयसिंह दोन पावलं मागे आला. शूर मुलगा होता, पण वेडा नव्हता.

"तू खूप सरळ जातोस," कौस्तुभ म्हणाला. "आजोबा बसमध्ये सांगत होते, आठवतं? डोळ्यांत बघायचं नाही. समोरून जायचं नाही. बाजूला बसायचं आणि तिला ठरवू द्यायचं."

"मग जा की तू!"

कौस्तुभच्या लक्षात आलं, की इथे धिटाईने बोलायचं नाहीये, कुणाशी हात मिळवायचा नाहीये. गप्प बसायचंय. ते तर त्याला जन्मापासून येत होतं!

तो टोपली घेऊन वाळूत बसला. तिच्याकडे पाठ अर्धी वळवून, मान खाली घालून. थोडं सरकला. थांबला. गुरगुर चालू होती. त्याने फडकं काढलं आणि मेजरला जमिनीवर ठेवलं.

मेजर थरथरत उभा राहिला. पडला. पुन्हा उठला.

गुरगुर थांबली.

साखळी खळकन वाजली. तिने मान लांब केली, मेजरला मानगुटीला धरून उचललं आणि आपल्या पोटाशी ठेवलं. मग त्याला इतकं चाटलं, इतकं चाटलं, की तो दोनदा उलटा झाला! आणि क्षणभराने चुपुक चुपुक आवाज यायला लागला. काल दुपारपासून काही न घेतलेला मेजर दूध पीत होता!

उदयसिंहने टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"ओए! कौन हो तुम लोग?"

बत्रा अंकल! भुंकणं ऐकून मागच्या दाराने आले होते. चेहरा लालबुंद. पण त्यांनी पुढचं पाऊल टाकायच्या आत गाडीचा हॉर्न वाजला. भानुमती डॉक्टर आणि अर्पिता धावत आल्या. गलका ऐकून समोरच्या घरातून सेठी आंटी आल्या, आपलं प्रमाणपत्र हातात घेऊनच. आणि गाडीतून मावशीमागोमाग धीरजकाका उतरले, अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच!

सगळ्यांनी ती साखळी पाहिली, हौद पाहिला, दूध पिणारा मेजर पाहिला. काकांनी गालावरचा साबण बाहीने पुसून टाकला.

कौस्तुभ वाळूतून उठला. "अंकल, ये आपकी है?"

बत्रा अंकलनी सेठी आंटींच्या हातातल्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "मेरी? अरे नहीं बेटा! मेरी तो क्वीन है. ये कोई आवारा होगी. चौकीदार ने बाँध दी होगी."

"और ये बच्चे?"

"इसी के होंगे. मुझे क्या पता?"

"पक्का आपके नहीं?"

"कह दिया ना, नहीं!"

"तो लिख दीजिए," कौस्तुभ म्हणाला आणि पिशवीतल्या वहीचं पान पुढे केलं. "हमारे पापा कहते हैं, मुँह की बात का कोई भरोसा नहीं."

बत्रा अंकलचा हात हवेतच राहिला. कुत्री आपली म्हणावी, तर शिक्क्याचे दोन्ही कागद खोटे ठरणार. आपली नाही म्हणावी, तर कुत्रीही गेली आणि पिल्लंही!

"लिखो जी, लिखो!" सेठी आंटींनी पदर खोचला. "नहीं तो मेरे वाले काग़ज़ की बात कर लेते हैं. यहीं, सबके सामने!"

बत्रा अंकलनी लिहून दिलं. 'यह कुतिया और इसके बच्चे मेरे नहीं हैं.' खाली सही.

"और मोहर भी!" अर्पिता म्हणाली. "बिना मोहर के नहीं चलेगा!"

उदयसिंहला हसू आवरेना. शिक्का कोठीतून आणवून तोही उमटला, गोल आणि जांभळा. डॉक्टरांनी कागद नीट वाचला. "आवारा आहे म्हणता, मग आजपासून ही ह्या मुलांची. उदयसिंह, साखळी सोड."

साखळी सुटली. पण ती पळाली नाही. तिन्ही पिल्लं गाडीत ठेवेपर्यंत ती हौदाच्या काठावरून हललीसुद्धा नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. माणसं येऊन चौकशी करून गेली. आठवड्याभरात बत्रा अंकलच्या फाटकावरची 'पिल्लं मिळतील' ही पाटी उतरली.

---

"ही अगदी माझ्या आजीसारखी आहे," विजूमावशी म्हणाली. "एक शब्द न बोलता सगळ्यांना आपापल्या जागी बसवते." म्हणून आजीचंच नाव तिला पडलं, ठकूबाई.

पुढचे चार-पाच आठवडे डॉक्टरांचं राज्य होतं! काकांच्या आवडत्या संगमरवरी फरशीवर गोणपाटं अंथरली गेली.

"मोठ्या जातीची पिल्लं गुळगुळीत फरशीवर घसरली की कमरेचे सांधे बिघडतात," डॉक्टरांनी सुनावलं. "जिने चढवायचे नाहीत. उड्या मारायला लावायच्या नाहीत. चार वेळा थोडं थोडं खाणं, आणि लसी वेळेवर!"

ठकूबाईच्या फासळ्या हळूहळू झाकल्या गेल्या. गच्चीला अजून कठडा नव्हता. तिथे अर्पिता कडेला जायला लागली की ठकूबाई मधे येऊन उभी राही आणि आपल्या अंगाने तिला मागे सारत नेई.

"मी काय मेंढी आहे?" अर्पिता ओरडे.

"आवाज तर तसाच आहे!" उदयसिंह म्हणे.

जूनच्या शेवटी पिल्लं खरोखरच आठ आठवड्यांची झाली. मेजर आईजवळ राहणार हे ठरलंच होतं. उरलेल्या दोघांसाठी मागण्या आल्या.

काकांनी टाळी वाजवली. "मी एकदा पाच मिनिटांत चूक केली. आता नाही! कौस्तुभ, ते हिंदुराव आजोबांचं पत्र आण बघू."

त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि प्रत्येकाच्या हातात कागद दिला. "ज्याला कुत्रा हवा त्याने दिवस लिहायचा. सुरुवात माझ्यापासून. सकाळी सहा: मी फिरायला नेणार..."

"खोटं!" मावशी म्हणाली. "सहाला तुम्ही घोरता!"

काकांनी मुकाट्याने 'मी' खोडून 'विजू' लिहिलं. मावशी हसली. ह्या नव्या वस्तीत तिला ओळखीचं असं कुणी नव्हतं. आता रोज सकाळी ठकूबाईबरोबर फिरताना सगळी गल्ली तिला नावाने हाक मारू लागली होती.

डॉक्टरांनाही एक पिल्लू हवं होतं; त्यांचा दिवस भराभर लिहून झाला. उदयसिंहचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं, पण मजकूर भक्कम. छावणीत तळमजल्याचं घर, पुढे मैदान, आई दिवसभर घरी, आणि पुढच्या महिन्यापासून आजोबाही तिथेच राहायला येणार.

कौस्तुभ कोपऱ्यात बसून लिहीत होता. पिल्लांतलं एक त्याच्या पायावर झोपलं होतं. हेच आपलं, असं त्याने मनात केव्हाच ठरवलं होतं. सकाळी साडेपाच: मी उठतो, फिरवून आणतो. साडेसहा: खाणं. सात...

पेन थांबलं. सातला तो आणि अर्पिता शाळेला. आई कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कचेरीत, बाबा आपल्या कचेरीत. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. एवढीशी बाल्कनी.

हौदाच्या काठावर पसरलेली ठकूबाई त्याला दिसत होती. मग त्याने लिहिलं: 'सात ते तीन: कुलूप.'

कागद काकांच्या हातात देऊन तो म्हणाला, "माझा दिवस बसत नाही."

"अरे, पण तू तर... सगळं तूच शोधलंस! पहिला हक्क तुझा!"

"नको काका. तो आठ तास काय करेल?"

अर्पिताने तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. उदयसिंहने झोपलेलं पिल्लू उचललं. "पुस्तक्या, दर रविवारी छावणीत यायचं. नाहीतर हा मला विचारेल, दुसरा मास्तर कुठाय म्हणून."

भानुमती डॉक्टरांनी चष्मा पुसला. "वीस वर्षं मी हे काम करतेय. कुत्रा मागणारे हजार पाहिले. ही ओळ लिहिणारा पहिला पाहिला." काकांनी कौस्तुभच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी कौस्तुभने नवं आंतर्देशीय पत्र घेतलं. सहावं. ह्या वेळी पेन कुठेच अडलं नाही.

'ती. हिंदुराव आजोबांना सा. नमस्कार. उत्तराला उशीर झाला. दिवस खाली लिहिला आहे. सात ते तीन रिकामा आहे, म्हणून मी पिल्लू घेतलं नाही. तुम्ही इकडे आलात की पिल्लाला शिकवताना मला बघायला आवडेल. मी गप्प बसेन. आपला, कौस्तुभ.'

त्याने कडा चिकटवल्या, पत्ता लिहिला आणि ठकूबाईला घेऊन तो कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेला. पत्र फटीत अर्धं आत सरकवून एक क्षण धरून ठेवलं.

मग सोडलं.